खिचडीचा डबा आणि हट्टी गाठ

त्या वर्षी आमच्या घरात दोघी हट्टाला पेटल्या होत्या. एक माझी मोठी जाऊ, आणि दुसरी तिच्या डाव्या स्तनातली गाठ. गाठ औषधाला दाद देईना आणि जाऊ आम्हाला. गाठीचं मी काही करू शकत नव्हते. जावेचं करू शकेन असं वाटत होतं, कारण शाळेच्या कार्यालयात आयुष्य काढलेल्या बाईला कुणालाही रांगेत उभं करता येतं, असा माझा समज होता.

जावेला मी अक्का म्हणते. ती धुळ्याला एकटी राहते. माझे मोठे दीर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा आणि सून सुरतेला असतात. अक्का घरी ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड करून विकते. गल्लीतल्या प्रत्येक भांडणात तिला पंच म्हणून बोलावतात आणि नंतर पस्तावतात. उपचार धुळ्यालाही झाले असते, पण तारखा, तपासण्या आणि गोळ्या सांभाळणारं माणूस जळगावला होतं, म्हणजे मी. तेव्हा असं ठरलं की केमोच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने गाडी घेऊन धुळ्याला जायचं आणि अक्काला आणायचं. केमोनंतरचा अशक्तपणा ओसरेपर्यंत तिने माझ्याकडे राहायचं. बिबड्यांची आठवण अनावर झाली की तिला परत पोचवायचं.

मी फ्रिजवर याद्या लावल्या. काय खायचं, काय नाही, कोणती गोळी जेवणाआधी, ताप आला तर कुणाला फोन. अक्काने चष्मा लावून त्या सगळ्या वाचल्या.

"काय व बाई, हाऊ दवाखाना शे का शाळा?"

"शाळाच," मी म्हणाले. "आणि तुम्ही पहिल्या बाकावर."

"मंग मधली सुट्टी कव्हय शे ते बी लिखी ठेव."

अक्का घरच्यांशी एरवी अशी अहिराणी बोलते, परक्यांशी साधी मराठी. मी जळगावची, शहरात वाढलेली; मला ती समजते पण बोलता येत नाही. मात्र अक्का गंभीर झाली की धड्यातल्यासारखी स्वच्छ मराठी बोलायला लागते. तिची मराठी शुद्ध झाली की आमच्या घरात माणसं सावध होतात. दिरांच्या दहाव्याला ती अशी बोलली होती, आणि एकदा शेजाऱ्याने तिच्या वाळवणावर मांजर सोडलं तेव्हा.

रस्त्यात बाहेरचं काही खाल्लं जाऊ नये म्हणून मी नवऱ्याबरोबर डबा देत असे. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तिखट नाही, मसाला नाही, वर चमचाभर तूप. आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा एखादा किरकोळ जंतूही महागात पडतो. डबा दर वेळी रिकामा परत येई, तोही स्वच्छ धुतलेला. मी खूश होते. माझी यंत्रणा चालत होती.

दवाखान्यातल्या केमोच्या हॉलमध्ये टेकून बसायच्या खुर्च्यांची ओळ होती. पहिलं औषध लाल रंगाचं. सिस्टर हातमोजे घालून ते लावायच्या, आणि बायका त्या लाल नळीकडे न बघता पंख्याकडे बघत बसायच्या. कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. अक्काला गप्प माणसांची ओळ सहन होत नाही. दुसऱ्या खेपेला शेजारच्या खुर्चीवर बोदवडहून रेल्वेने येणारी एक बाई होती. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. अक्का तिला म्हणाली, "बाई, जरा वाजवा तो."

बाईला लगेच कळलं. खानदेशातल्या बाईला ते सांगावं लागत नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात. धुळ्याकडे तिला गुलाबाई म्हणतात. गाणी संपली की घरातली बाई झाकणबंद डब्यात खाऊ घेऊन येते आणि तो हलवून दाखवते. मुलींनी आवाजावरून ओळखायचं, गोड का तिखट, ओलं का कोरडं, लाडू का करंजी. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. हुशार आया कधीच न वाजणारा खाऊ करतात. अक्काच्या माहेरी म्हणे तिला सगळ्यांत शेवटी बोलायची सक्ती होती, कारण ती पहिल्या हलवण्यातच सांगून टाकायची आणि बाकीच्या मुली रडायला लागायच्या.

बोदवडच्या बाईने डबा हलवला. अक्काने डोळे मिटले. हाताला सुई, डोक्याला रुमाल, आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा भाव.

"चिवडा. भाजक्या पोह्यांचा." मग जरा थांबून, "डाळं कमी घातलंय. बोदवडला मिळत नाही का?"

हॉल हसला. त्या दिवसापासून तिथे येणारी प्रत्येक बाई घरून काहीतरी डब्यात घालून आणायला लागली, आणि सिस्टरसुद्धा गोळ्यांची डबी अक्काच्या कानाशी वाजवून जायच्या. मुक्ताईनगरच्या एका आजींनी एकदा डब्यात कापूस भरून आणला. अक्काने तीनदा हलवायला लावलं आणि म्हणाली, "ह्यात काही नाही, नुसती आजींची लबाडी आहे." आजी त्या दिवशी पहिल्यांदा पंख्याकडे न बघता घरी गेल्या.

गाठही सुरुवातीला शहाण्यासारखी वागली. डॉक्टरीणबाई दर खेपेला बोटांनी चाचपून बघायच्या आणि टेपने मोजायच्या, आणि ती लहान होत गेली. अक्का सांगायची, "लिंबूनी सुपारी व्हयी गई." मग दसऱ्याच्या सुमारास सुपारीवरच सगळं थांबलं. पुढच्या खेपेलाही तेवढीच. सोनोग्राफीत तर कणभर मोठी. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की गाठ आता या औषधाला दाद देत नाही. असं काहींच्या बाबतीत होतं. आता दुसरं औषध सुरू करू, दर आठवड्याला थोडं थोडं, आणि मग ऑपरेशन. सोमवारी या. उशीर नको.

ही बातमी घरात येण्याआधी नातेवाइकांत पोचली. कशी, ते मला अजून माहीत नाही. शनिवारपर्यंत घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि प्रत्येकाकडे गाठ का अडली याचं एक कारण होतं. अक्काने बाजरी खाल्ली, बाजरी उष्ण. दवाखान्याची खोली उत्तरेकडे आहे. घरात मायक्रोवेव्ह आहे. औषध गाडीत उन्हात राहिलं असेल, असं म्हणणाऱ्याला मी विचारलं की दवाखान्यातलं औषध आमच्या गाडीत कशाला येईल, तेव्हा तो म्हणाला, तेच तर. मी ही कारणं मनात ओळीने लावत होते, उत्तरं देऊन निकालात काढत होते आणि चहा टाकत होते. मग असोद्याहून आलेले एक नाना, आमच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, पोहे संपवून शांतपणे म्हणाले, "पथ्य कुठंतरी मोडलं असणार. पथ्य मोडलं की औषध रुसतं. मग दुसरं द्या नाहीतर तिसरं."

त्यांना उत्तर द्यायचं मी सोडून दिलं, कारण बशा गोळा करायच्या होत्या. अक्का त्या वेळी काही बोलली नाही. एरवी तिने नानांना पोह्यांसकट असोद्याला परत पाठवलं असतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "मी सोमवारी येणार नाही. मला दुसरं औषध घ्यायचं नाही. उद्या मला धुळ्याला सोडा."

व्याकरणशुद्ध. एकेक शब्द वेगळा. मी गॅस बंद केला.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. फायदे सांगितले. तोटे सांगितले. दुसऱ्या औषधाने उलट्या बहुधा कमी होतील, सांगितलं. सुरतेला फोन लावून दिला. मुलगा फोनवर रडला, अक्काने त्याला जेवलास का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही समजवा, तुमचं ऐकतात. तो एरवी अक्काशी तासन्‌तास गप्पा मारतो. त्या दिवशी "मी काय बोलू" म्हणत गाडी धुवायला निघून गेला. गाडी सकाळीच धुतलेली होती.

रविवारी सकाळी मुलगी दिवाळीसाठी घरी आली. ती बाहेरगावी संशोधन करते, आणि योगायोग असा की तिचं काम नेमकं यातच आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी केमोला जुमानेनाशा का होतात, आणि मायक्रोआरएनए नावाचे बारीक तुकडे त्यात काय करतात. इतकी वर्षं आम्ही तिला "तुझं ते काय ते" एवढंच विचारत होतो. ती बॅग ठेवून थेट अक्काच्या पलंगावर जाऊन बसली.

"मोठी आई, का नको म्हणतेस?"

"कारण आहे."

"सांग ना."

अक्काचा चेहरा थोडा हलला. "कारण डबामा शे," ती म्हणाली. "वळखा."

अहिराणी परत आली म्हणून मला जरा धीर आला. आम्ही दोघी ओळखायला बसलो. नवरा दाराशी पेपर धरून उभा होता.

"भीती," मुलगी म्हणाली.

"नही."

"केस जातील म्हणून? ते तर गेलेच," मी म्हणाले.

"नही. गयात ते गयात. तेल वाचनं."

"आमच्यावर भार होतो असं वाटतं?"

"तुम्हनावर? तुमले त्याच्याबिगर करमनार शे का?"

मुलगी म्हणाली, "मोठी आई, नियम पाळ. डबा वाजवून दाखव."

अक्का म्हणाली, "वाजत नही. वास येस."

त्याच वेळी दारातला पेपर हलला. नवरा पेपर वाचत नव्हता. तो उलटा धरलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि डोक्यात एकदम सगळं ओळीने लागलं. रिकामा डबा. धुतलेला डबा. ज्या माणसाने लग्नापासून स्वतःचा चहाचा कप विसळलेला नाही, तो माणूस दर खेपेला स्टीलचा डबा घासून पुसून आणत होता. धुळ्याला जाताना त्याला लागणारा वेळ एक, आणि येताना भलताच. कारण विचारलं तर पारोळ्याचं वळण, एरंडोलची गर्दी. आणि गाडीतला तो नॅपकिन, ज्याचा लालसर पिवळा डाग मी तीन साबणांनी घासला होता.

"शेवभाजी," मी म्हणाले.

अक्काने मान खाली घातली. नवऱ्याने पेपर घडी करून काखेत धरला, जसा काही आता तो पुरावा म्हणून जमा करायचा होता.

"कुठली?" मी त्याला विचारलं.

"हायवेवरचा ढाबा."

"दर वेळी?"

"वहिनी म्हणायच्या, तोंडाला चव नाही," तो म्हणाला. "पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं म्हणायच्या. फक्त ती तर्री तेवढी जिभेला कळते म्हणाल्या. मग मी तरी काय करणार. एक प्लेट घ्यायचो दोघांत."

"दोन," अक्का खाली बघूनच म्हणाली. तिला हिशेबात खोटं चालत नाही.

"आणि खिचडी?"

नवरा अक्काकडे बघायला लागला आणि अक्का नवऱ्याकडे.

"तिथे एक कुत्रा आहे," नवरा म्हणाला.

"तुपासकट?"

"तूप तो आधी चाटून घ्यायचा."

मुलीने उशीत तोंड खुपसलं होतं. हसत होती. मला हसू येत नव्हतं असं नाही, पण मी यंत्रणेची प्रमुख होते. मी हसले असते तर यंत्रणा संपली असती. आणि तेवढ्यात अक्का बोलायला लागली, आणि ती मराठीत बोलली.

"तुम्ही सगळ्यांनी इतकं केलं. हिने पहाटे उठून खिचडी केली. मुलाने पैसे पाठवले, भाऊजींनी गाडी पळवली. आणि मी रस्त्यात बसून तर्री ओरपत होते. मला वाटायचं, एवढ्याने काय होतं. झालं. नाना बरोबर बोलले. औषध चांगलं होतं, मी त्याचं पथ्य मोडलं. आता कोणत्या तोंडाने दुसरं मागू? ते पण तुम्ही द्यायचं आणि ते पण मी वाया घालवायचं."

हसणं थांबलं. कालपासून आम्ही तिला भीतीवरचे उपाय सांगत होतो, आणि ती लाजेने गप्प बसली होती.

मुलगी उठून सरळ बसली. "मोठी आई, शेवभाजीने तुझं पोट बिघडलं असतं. जंतू गेले असते, ताप आला असता, तू दवाखान्यात भरती झाली असतीस. तेव्हा चूक ती चूक, आणि बाबांना तर मी वेगळं बघते. पण गाठ शेवभाजीने हट्टी झाली नाही. शेवभाजीला तेवढं जमत असतं तर मी लॅबमध्ये कशाला राबले असते, ढाब्यावर बसून पीएचडी केली असती."

"मंग कशानी व्हयनी?"

"सांगते. आपलं जुनं घर आठव. आजी ओसरीवर बसून निरोप पाठवायची, आज हे करा, उद्या ते करा. निरोप स्वयंपाकघरात पोचला की तो पदार्थ व्हायचा. पेशीत तसंच असतं. आत निरोप निघतात, ते पोचले की वस्तू बनतात."

"आन मधे उभी तुनी आत्या," अक्का म्हणाली.

ही आत्या म्हणजे आमची नणंद. ती लग्न होईपर्यंत ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात उभी असायची. सासूबाईंनी श्रीखंड सांगितलं तर ते आत पोचेपर्यंत ताक होई. तिच्या हाताने घरात कधी काही शिजलं नाही, पण काय शिजायचं नाही हे मात्र तीच ठरवायची. आता ती दूर असते आणि तिला वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे मी निर्धास्त लिहिते आहे.

"बरोबर तीच," मुलगी म्हणाली. "मायक्रोआरएनए म्हणजे आत्या. स्वतः काही बनवत नाही. निरोप मधेच पकडते. कधी फाडून टाकते, कधी नुसता दाबून ठेवते."

"मंग ती वाईट."

"वाईट नाही. चांगल्या घरात तिचा उपयोग असतो. आता बघ. पेशीच्या आवरणात पंप असतात, नको ते बाहेर फेकायला. पंप बनवा हा निरोप एक आत्या धाकात ठेवते, थोडेच बनू देते. हट्टी पेशीत ती आत्या दुबळी पडते. मग निरोप बेलगाम पोचतात, पंपच पंप. लाल औषध आत आलं की बाहेर. आलं की बाहेर."

"दुसरी कोन शे?"

"दुसरी उलट. ती प्रमाणाबाहेर माजते. औषधाने पेशीची वाट लागली की आतून निरोप निघतो, आता पुरे, मर. ही आत्या तो निरोपच दाबून बसते. पेशी मरायचं विसरते आणि वाढत राहते. अशा कितीतरी आत्या आहेत, एकेक जण कितीतरी निरोप अडवते, आणि एकेका निरोपावर कितीतरी जणी टपलेल्या. म्हणून तर अजून पुरतं उलगडलेलं नाही. तुझ्या गाठीत नेमकी कोणती आत्या, ते मलाही माहीत नाही."

"आणि हे मध्येच सुरू झालं?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा अशा काही पेशी पहिल्यापासून आत असतात. मऊ होत्या त्या लाल औषधाने मेल्या, म्हणून लिंबाची सुपारी झाली. उरल्या त्या हट्टी. त्यांना दुसऱ्या रस्त्याने गाठायला दुसरं औषध. चालेलच असं मी लिहून देत नाही, मोठी आई. डॉक्टरही देणार नाहीत. पण न घेता तर काहीच चालणार नाही."

अक्काने हे सगळं डोळे मिटून ऐकलं, हॉलमध्ये ऐकायची तसं. मग विचारलं, "पहिलेच का वळखता येत नही, मझार कोन शे ते?"

"आत कोण ते ओळखणं, तेच तर आमचं काम. या आत्यांचे तुकडे रक्तातही उतरतात. गाठ न उघडता, नुसत्या रक्तावरून ओळखायचं की आत हट्टी किती आणि कोणतं औषध लागू पडेल. अजून ते रोजच्या उपचारात आलेलं नाही. बघतोय आम्ही."

"म्हनजे तुम्ही डबा वाजाडी राह्यनात," अक्का म्हणाली.

मुलगी म्हणाली, "हो. मी इतकी वर्षं घरी सांगायचा प्रयत्न करत होते, ते हेच."

उठून अक्काने स्वतःच्या पिशवीतले कपडे काढले, परत घडी केले आणि परत पिशवीत ठेवले. मला कळेना, पिशवी धुळ्यासाठी भरते आहे की दवाखान्यासाठी. मी विचारायला तोंड उघडलं तर मुलीने माझा पदर ओढला. अक्का जेवली, दुपारी झोपली. चहाच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, अगदी नणंदेच्या जागेवर.

"सोमवारले कितला वाजता निघनं शे?"

मी डब्यातून साखर काढत होते. वेळ सांगितली आणि चहात साखर दोनदा घातली.

नवऱ्याचा खटला त्याच संध्याकाळी चालला. शिक्षा अशी ठरली की यापुढे डब्यातली अर्धी खिचडी तो स्वतः खाईल, गाडीत बसून, आणि अक्का साक्षीदार राहील. डबा मात्र धूतच राहायचं. ती सवय मोडायचं मला कारण दिसत नव्हतं.

सोमवारी अक्काने डॉक्टरीणबाईंना सगळं स्वतः सांगितलं, प्लेटींच्या हिशेबासकट. त्यांनी हसू दाबलं आणि त्यांनीही तेच सांगितलं: गाठ अडली त्याचा याच्याशी संबंध नाही, पण ताप न येता सुटलात हे नशीब. मग अक्काने विचारलं की घरी करून चालेल का. रक्ताचा रिपोर्ट ठीक असेल तेव्हा, घरी, ताजी, तेल कमी, तिखट बेताचं, असं उत्तर मिळालं. मी ते लिहून घेतलं आणि तंतोतंत तशी शेवभाजी केली. अक्काने पहिला घास घेतला, चावला आणि ताटाकडे बघत राहिली.

"हाई शेवभाजी नही. शेवले नुसती आंघोळ घाली शे."

पण संपवली. दर आठवड्याला एक सुई आणि त्यानंतरच्या एका ठरलेल्या दिवशी आंघोळ घातलेली शेव, असं ते दिवस चालले. नवीन औषधाने तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. बिबडे थापता येत नाहीत म्हणून ती वैतागायची आणि मला थापायला लावून नावं ठेवायची. नाना पुन्हा भेटायला आले तेव्हा तिने त्यांना पोहे दिले आणि ते खात असताना आत्यांचं सगळं प्रकरण पहिल्यापासून ऐकवलं. नाना म्हणाले, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अक्का म्हणाली, निरोप मधेच कुणीतरी दाबला असेल.

डॉक्टरीणबाईंची बोटं दर खेपेला तिच्या स्तनावर फिरायची तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहायचे. पहिल्या दोन-तीन खेपांना त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदा त्यांनी टेप पुन्हा लावला, परत लावला, आणि म्हणाल्या, "आता दाद देतेय." अक्काने मला विचारलं, सुपारीच्या खाली काय येतं. मी म्हणाले वाटाणा. ती म्हणाली, मग वाटाण्याची वाट बघू.

वाटाण्यावर ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक परवानगी मागितली: काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा संशोधनाला देता येईल का. त्याचा तुम्हाला स्वतःला काही उपयोग होणार नाही, हेही सांगितलं. अक्का सही करायला तयार होती, पण तिची एक अट होती, आणि ती तिने शुद्ध मराठीत मांडली. "ओळखलं की मला कळवायचं. मी आयुष्यात कुठलाच डबा न ओळखता सोडलेला नाही." संशोधनात नाव-गाव काढून टाकतात, त्यामुळे तसं कळवता येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अक्काने सही केली आणि बाहेर आल्यावर मुलीला फोन लावला, तू शोध. तुकडा मुलीच्या लॅबमध्ये जाणार नव्हता, पण ते सांगून उपयोग नव्हता. तेव्हापासून दर आठवड्याला अक्का तिला विचारते, वळखं का. आणि ती सांगते, अजून वाजवतोय, मोठी आई.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा अक्काला धुळ्याला पोचवायला मीही गाडीत बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. डब्यात खिचडी होती, कारण यंत्रणा यंत्रणाच असते. एरंडोल मागे पडलं, आणि पुढे एका ठिकाणी नवऱ्याने कुणालाच न विचारता गाडी डावीकडे घेतली. पत्र्याची शेड, बाहेर बसायला बाजा, चुलीवर लाल कढई. आता तिला परवानगी होती. तरी दोघंही माझ्याकडे बघत होते.

"एक प्लेट," मी म्हणाले.

"दोन," अक्का म्हणाली.

आम्ही बसलो. डब्याची पिशवी मी मांडीवर धरली होती, बंद, गाठ मारलेली. शेडमागून एक तांबूस कुत्रा आला, चांगला जाडजूड, अंगाने चकचकीत. त्याने नवऱ्याकडे बघितलं नाही, अक्काकडे बघितलं नाही, कढईकडे तर नाहीच. थेट माझ्यासमोर येऊन बसला आणि पिशवीकडे तोंड करून शेपटी हलवायला लागला.

अक्काने तर्रीत भाकरी बुडवली.

"देख," ती म्हणाली, "न वाजाडता वळखी लिधं त्यानी."